दुकानात आता विचारायचं कुणाला?

प्रश्न :

ताई, आमच्या इथल्या जुन्या चार मजली डिपार्टमेंट स्टोअरवर ‘दुकान बंद होत आहे’ अशी पाटी लागली आहे. खरं सांगायचं तर गेली काही वर्षं तिथे जाणं म्हणजे मनस्तापच होता. मजल्यावर विचारायला माणूस सापडत नाही. सापडला तर म्हणतो, ‘तो ब्रँड माझ्याकडे नाही.’ हवं ते माप कधीच नसतं. पैसे भरायला एकच काउंटर उघडा आणि रांग थेट जिन्यापर्यंत. काहीही मागितलं की उत्तर ठरलेलं, ‘ऑनलाइन बघा.’

माझी आई ७८ वर्षांची आहे. खांद्याचं हाड मोडल्यापासून तिचा उजवा हात वर जात नाही. पूर्वी या दुकानात एक बाई होत्या. आईला नुसतं बघून त्या समोरून उघडणारे, सैल बाह्यांचे दोन-तीन कपडे काढून आणायच्या आणि त्यातला एक तरी हमखास बसायचा. त्या बाई आता तिथे नाहीत. घरातले म्हणतात, फोनवरून मागव, त्यात काय एवढं? मागवलेले बहुतेक कपडे मी परत पाठवले आहेत. पाटी वाचून मला रडू आलं आणि रागही आला. मी जुन्या काळात अडकले आहे का? सगळ्यांनी ऑनलाइन खरेदी केली म्हणून दुकान बुडालं का? आईचे कपडे आता कुठून आणू? माझ्याकडे तिथलं एक गिफ्ट कार्डही आहे. आणि बंद होण्याच्या सेलमध्ये काही मोठी वस्तू घ्यावी का?
– एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटचे दोन प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांना थोडा वेळ आहे, त्यांना नाही.

गिफ्ट कार्ड आजच वापरून टाका. गिफ्ट कार्ड म्हणजे दुकानाला आगाऊ दिलेले पैसे. दुकान चालू आहे तोवर ते पैशांसारखंच चालतं. पण कंपनी दिवाळखोरीत निघाली की कार्डधारक हा तारण नसलेला धनको ठरतो, म्हणजे कंपनी ज्यांचं देणं लागते त्यांच्या रांगेत पार मागे उभा असलेला. पुढे असतात तारणावर कर्ज दिलेल्या बँका. मागच्यांपर्यंत बहुतेक वेळा फारसं काही पोहोचत नाही. कॅनडातल्या हडसन्स बे या कंपनीचं उदाहरण ताजं आहे. १६७० साली स्थापन झालेल्या या कंपनीने मार्च २०२५ मध्ये कोर्टाचं संरक्षण मागितलं. तिची गिफ्ट कार्डं ६ एप्रिलपर्यंतच चालली आणि १ जूनला शेवटची दुकानंही बंद झाली. ‘पुढच्या महिन्यात सावकाश बघू’ म्हणणाऱ्यांच्या हातात प्लास्टिकचा तुकडा राहिला. तुमच्या खात्यात जमा झालेले पॉइंट असतील तर तेही आताच वापरा.

त्याआधी काउंटरवर एवढं मात्र विचारा : पूर्ण कंपनी बंद होते आहे की फक्त ही शाखा? फक्त शाखा असेल तर कार्ड दुसऱ्या शाखेत चालेल आणि घाई करायचं कारण उरणार नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर कंपनीच बंद होते आहे असं धरून चाला. कार्डावर असं काही घ्या, जे पुन्हा दुकानात न्यावं लागणार नाही. चादरी, टॉवेल, मोजे, भांडी, असलं काहीतरी.

आता सेल. बंद होणाऱ्या मोठ्या दुकानाचा शेवटचा सेल बरेचदा दुकानदार स्वतः चालवत नाही. उरलेला माल विकून पैसे उभे करणं हाच ज्यांचा धंदा आहे अशा कंपन्यांकडे ते काम सोपवलेलं असतं. दुकानाची प्रतिष्ठा, जुनं गिऱ्हाईक, यांच्याशी त्यांना देणंघेणं नसतं आणि तसं असण्याची अपेक्षाही कुणी ठेवत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यांतली सवलत छापील पूर्ण किमतीवर मोजलेली असते आणि दुकानाची नेहमीची कूपनं बंद केलेली असतात. गेल्या महिन्याच्या साध्या सेलमध्ये जी वस्तू स्वस्त होती, ती ‘बंद होत आहे’च्या पाटीखाली महाग मिळू शकते. सवलत वाढत जाते ती पुढे, आणि तोवर चालणारी मापं संपलेली असतात. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते : अशा सेलमध्ये बाहेरून आणलेला मालही मांडला जातो. त्या दुकानाच्या नावावर विश्वास ठेवून तुम्ही घेतलेली वस्तू त्या दुकानाने कधी निवडलेलीच नसते.

म्हणून मोठी वस्तू घ्यायची असेल तर तिची किंमत आधी दोन ठिकाणी पाहून घ्या. हमी दुकानाची आहे की उत्पादकाची, ते विचारा. उत्पादकाची असेल आणि त्याचं सेवा केंद्र तुमच्या आसपास असेल तर फ्रिज किंवा मशीन घ्यायला हरकत नाही. दुकानाने स्वतः विकलेली वाढीव हमी घेऊ नका, तो कागद दुकानाबरोबरच संपण्याची शक्यता मोठी. फर्निचर मांडणीतलं असेल तर पाय, कोपरे, कप्पे, सगळं हाताने तपासा आणि ते घरी कोण आणणार हे ठरल्याशिवाय पैसे भरू नका. अशा सेलमधला माल परत घेत नाहीत. तेव्हा कपड्याची चेन लावून पाहा, बटणं मोजा, शिवण उलटून पाहा.

हे झालं पैशांचं. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

तुम्ही जुन्या काळात अडकलेल्या नाही. तुमच्या पत्रात जुन्या झुंबराबद्दल, सजवलेल्या खिडक्यांबद्दल एक ओळसुद्धा नाही. तुम्ही लिहिलंय ते एका बाईंबद्दल, ज्यांना माल ठाऊक होता आणि समोरचं माणूस वाचता येत होतं. ही आजच्या गरजेची गोष्ट आहे. तुमच्या आईचा हात आज वर जात नाही आणि तिला कपडे आज हवे आहेत.

ही दुकानं सुरू झाली तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला काय दिलं होतं, ते पाहिलं की आज काय हरवतंय ते नीट कळतं. पॅरिसमध्ये १८५२ साली आरिस्तीद बुसिको हा ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. त्या काळी दुकानात शिरणं म्हणजे काहीतरी घेण्याचं बंधन अंगावर घेणं होतं. किंमत विचारल्याशिवाय कळत नसे आणि ती माणूस बघून सांगितली जाई. बुसिकोच्या दुकानात किंमत ठरलेली आणि लिहिलेली होती, कुणीही आत येऊन नुसतं बघून जाऊ शकत होतं, आणि घेतलेली वस्तू बदलून किंवा परत देता येत होती. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन वानामेकरने लिहिलेली किंमत आणि पैसे परत देण्याची हमी यांवरच आपलं नाव उभं केलं. १९०९ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर गॉर्डन सेल्फ्रिजने दुकान उघडलं, तेही लोकांनी दिवसभर निवांत हिंडावं, बसावं अशा बेताने. बायकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. सोबत पुरुष नसताना शहराच्या मध्यावर तासन्‌तास काढता येतील, बसायला जागा आणि स्वच्छतागृह मिळेल, आणि कुणी वावगं म्हणणार नाही, अशा जागा तेव्हा मोजक्याच होत्या.

आता बघा, लिहिलेली किंमत, मोकळेपणाने बघणं आणि माल परत करणं, या तिन्ही गोष्टी फोनवर मिळतात. बरेचदा दुकानापेक्षा चांगल्या मिळतात. त्यासाठी तुमच्या घरातले फोनकडे वळले असतील तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मालाची जाण असलेलं माणूस फोनवर मिळत नाही. बसायची जागा तर नाहीच. ज्याला ठरलेल्या मापाचा ठरलेला शर्ट हवा आहे, त्याला या दोन्हींची उणीव जाणवतही नाही. जिच्या आईचा हात वर जात नाही, तिला ती पहिल्याच पार्सलला जाणवते. घरातल्यांशी तुमचा वाद होतो तो एवढ्यामुळेच. ते वेगळी खरेदी करतात आणि तुम्ही वेगळी.

आपण सगळ्यांनी ऑनलाइन खरेदी केली म्हणून दुकान बुडालं का, असं तुम्ही विचारलंय. पूर्णपणे तसं नाही. तुमच्या दुकानाचे हिशेब मी पाहिलेले नाहीत, पण जगभरातल्या अशा दुकानांचं काय झालं ते समोर आहे. अमेरिकेत डिपार्टमेंट स्टोअरची विक्री शिखरावर होती ती २००० च्या आसपास. ऑनलाइन खरेदी तेव्हा एकूण किरकोळ विक्रीच्या जेमतेम १ टक्का होती. म्हणजे उतरण लागली तेव्हा फोनवरून खरेदी नव्हतीच. शहराबाहेरच्या स्वस्त दरांच्या अवाढव्य दुकानांनी आणि एकाच प्रकारचा माल ठेवणाऱ्या साखळी दुकानांनी गिऱ्हाईक आधीच ओढायला सुरुवात केली होती. ऑनलाइनने नंतर ती उतरण फार तीव्र केली, हे नक्कीच. पण मधल्या काळात मालकांनी जे निर्णय घेतले, त्यांची जबाबदारी त्यांचीच आहे.

अमेरिकेतल्या सीअर्स या दुकानांच्या कंपनीचंच पाहा. घरोघरी कॅटलॉग पाठवून टपालाने माल पोहोचवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपला तो मोठा कॅटलॉग तिने १९९३ मध्ये बंद केला. २००५ मध्ये तिचं केमार्ट या दुसऱ्या साखळीशी एकत्रीकरण झालं आणि पुढच्या वर्षांत स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात अब्जावधी डॉलर गेले. दुकानांच्या डागडुजीवर मात्र हात आखडता राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ब्रिटनच्या डेबनहॅम्सचा वारसा १७७८ पर्यंत मागे जातो. गुंतवणूकदारांच्या गटाकडे मालकी असताना २००५ मध्ये तिच्या २३ दुकानांच्या इमारती विकल्या गेल्या आणि त्याच इमारती लांब मुदतीच्या भाड्याने परत घेतल्या गेल्या. जागा स्वतःची असलेलं दुकान वाईट वर्ष कसंबसं काढतं. भाडं आणि कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या दुकानाला मात्र आधी पगार कापावे लागतात. मे २०२१ मध्ये डेबनहॅम्सची शेवटची दुकानं बंद झाली. नाव एका ऑनलाइन कंपनीने विकत घेतलं आणि आज त्या नावाची वेबसाइट चालते. जर्मनीत कार्श्टाट आणि काउफहोफ एकत्र होऊन बनलेल्या गॅलेरियाने २०२०, २०२२ आणि २०२४ अशी तीनदा दिवाळखोरी पाहिली.

तुम्हाला दुकानात जे छळत होतं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीमागे असाच एखादा निर्णय आहे.

मजल्यावर माणूस दिसत नाही, कारण दुकानातला पगार हा मालकाला सगळ्यात लवकर कापता येणारा खर्च असतो. गिऱ्हाईक कमी झालं की माणसं कमी करायची. माणसं कमी झाली की ट्रायल रूमजवळ दुसरं माप आणून देणारं कुणी उरत नाही. गिऱ्हाईक काही न घेता निघून जातं आणि पुढच्या महिन्याच्या आकड्यांवरून आणखी माणसं कमी होतात. त्यातही आधी जातात ते अनुभवी लोक, कारण त्यांचा पगार जास्त. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या सर्किट सिटी या साखळीने २००७ मध्ये सुमारे ३,४०० विक्रेत्यांना काढलं आणि कारण उघडपणे हेच दिलं, की यांना बाजारापेक्षा जास्त पगार आहे. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. ती बुडण्यामागे इतरही कारणं होती. पण ज्यांना माल कळतो त्यांनाच घालवायचं हा विचार मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. तुमच्या त्या बाईही कदाचित अशाच एखाद्या यादीत गेल्या असतील.

‘तो ब्रँड माझ्याकडे नाही’ या उत्तराचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आला असणार. त्याचं कारण असं, की अनेक डिपार्टमेंट स्टोअरनी स्वतः माल विकत घेऊन विकण्याऐवजी मजल्याचे तुकडे ब्रँडना दिले. माल ब्रँडचा, तिथे उभा असलेला माणूसही ब्रँडच्या पगारावर, दुकानाला विक्रीतला ठरलेला हिस्सा. न विकलेल्या मालाचं ओझं त्यामुळे दुकानावर येत नाही, हा दुकानाचा फायदा. गिऱ्हाइकाचा तोटा असा, की सगळा मजला ज्याला माहीत आहे असं कुणी उरत नाही. चार ब्रँडमधून तुमच्या आईसाठी योग्य कपडा शोधून देणं हे तिथल्या कुणाचंच काम नसतं. त्या मुलाने तुम्हाला उडवून लावलं असं वाटलं असेल, पण शेजारच्या ब्रँडचा कपडा काढून दाखवायची त्याला बहुधा मुभाच नव्हती.

मापांचंही तसंच. फार लहान आणि फार मोठी मापं कमी खपतात आणि हंगामाच्या शेवटी उरतात, म्हणून मुख्य कार्यालयात बसून खरेदी करणारे लोक ती आधी छाटतात. तुमच्या दुकानात कुठल्या मापाचं गिऱ्हाईक येतं, हे पूर्वी त्या विभागाच्या प्रमुखाला तोंडपाठ असायचं. ते आता दूरच्या एका तक्त्यावर ठरतं.

आणि हे सोसणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. २००६ मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाचं नाव बदलून मेसीज या मोठ्या साखळीचं नाव दिलं, तेव्हा गिऱ्हाइकं फलक घेऊन दुकानासमोर उभी राहिली होती. जपानमध्ये सोगो आणि सेइबू या दुकानांची कंपनी विकली जाणार होती, तेव्हा ३१ ऑगस्ट २०२३ रोजी टोकियोतल्या इकेबुकुरो इथल्या सेइबूच्या कर्मचाऱ्यांनी संप केला. तिकडच्या डिपार्टमेंट स्टोअरमधला सुमारे ६० वर्षांतला तो पहिला संप. विक्री तरीही झाली. पण तुम्हाला जे वाटतं ते जगात इतरांनाही वाटतं, इतकं की त्यासाठी ते रस्त्यावर येतात. सगळीच दुकानं मरताहेत असंही नाही. श्रीमंत गिऱ्हाईक आणि पर्यटक यांच्यावर चालणारी काही दुकानं आज जोरात आहेत आणि तिथे गिऱ्हाइकामागे माणूस उभा असतो. मोडतात ती मधल्या उत्पन्नाच्या लोकांची दुकानं. तुमचा राग मला न्याय्य वाटतो तो या कारणाने. नीट विचारपूस ही चैनीची गोष्ट होत चालली आहे, आणि ती तशी नव्हती.

गिऱ्हाईक म्हणून आपल्याकडे एक बाजू येते, ती मात्र मी लपवणार नाही. अर्धा तास विक्रेत्याला राबवून, चार जोड पायात घालून पाहायचे आणि दाराबाहेर येऊन तोच जोड फोनवर थोड्या कमी किमतीत मागवायचा, हे करू नये. ज्याचा वेळ घेतला त्याच्याकडेच वस्तू घ्यावी. तुम्ही असं करत असाल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. घरातल्या कुणाला सवय असेल तर सांगा.

आता आईचे कपडे. इथे मला जास्त लिहायचं आहे, कारण इथे करण्यासारखं खूप आहे.

पहिलं म्हणजे त्या बाईंचा शोध घ्या, आणि तो दुकान उघडं आहे तोवरच घ्या. जुन्या सहकाऱ्यांना कोण कुठे गेलं ते माहीत असतं. त्यांचा फोन नंबर मागू नका, तो देणं कुणालाही अवघड जातं. स्वतःचं नाव, नंबर आणि दोन ओळी लिहून द्या : ‘आईला तुमच्या निवडीचे कपडे फार छान बसायचे. तुम्ही आता कुठे काम करत असाल तर तिथे यायला आवडेल.’ असे अनुभवी विक्रेते पुष्कळदा दुसऱ्या, लहान दुकानात जातात. तुमचा विश्वास त्या माणसावर होता. तो विश्वास त्या बाईंबरोबर दुसऱ्या दुकानातही जाऊ शकतो. आणि त्या आता काम करत नसतील, तरी ती चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवीच.

दुसरं, त्या बाई जे नजरेने मापायच्या ते कागदावर आणा. आईला नीट बसणारा एक कपडा पलंगावर सपाट पसरा आणि टेपने मापं घ्या. काखेखाली आडवी रुंदी, खांद्यापासून काखेपर्यंतची खोली, बाहीचा घेर, समोरची उघडझाप गळ्यापासून किती खाली येते, एकूण लांबी. आईच्या बाबतीत काखेची खोली आणि बाहीचा घेर निर्णायक आहेत, कारण हात वर न नेता तिला बाही चढवायची असते. फोनवर कपडा पाहताना ‘एल’, ‘एक्सएल’ या अक्षरांवर जाऊ नका, प्रत्येक ब्रँडचं माप वेगळं असतं. प्रत्यक्ष कपड्याची मापं दिली असतील तिथेच घ्या आणि कागदाशी ताडून पाहा. ती दिलेली नसतील तर तो कपडा सोडून द्या. एकाच कपड्याची लागोपाठची दोन मापं मागवून एक परत पाठवणं, हे सहा वेगवेगळे कपडे मागवण्यापेक्षा बरं. पार्सल आल्या दिवशीच घालून पाहा, लेबल तोडू नका आणि परत करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. बहुतेक कपडे परत पाठवले म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मालात सर्वांत जास्त परत येणाऱ्यांत कपडे असतात, ते यासाठीच.

तिसरं, शिंपी. मला वाटतं तुमच्या आईसाठी हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. नीट बसणारा कपडा नमुना म्हणून द्या आणि तसेच दोन-तीन शिवून मागा. नवीन शिवायचे नसतील तर असलेल्या कपड्यांची समोरची शिवण उघडून तिथे दाबाची बटणं किंवा चिकटपट्टी (वेल्क्रो) लावता येते. वरून खोटी बटणं दिसायला राहू द्यावीत, म्हणजे कपडा आजारपणातला वाटत नाही. वयस्कर माणसांना हे दिसणं फार महत्त्वाचं असतं आणि ते बोलून दाखवत नाहीत. हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी मुद्दाम बनवलेले कपडेही आता मिळतात. आईचे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतील तर त्यांना विचारा, कुठे मिळतात ते त्यांना बहुधा ठाऊक असतं. त्यांच्याकडून घालण्याची पद्धतही बघून घ्या : कपडा चढवताना दुखरा हात आधी, उतरवताना दुखरा हात शेवटी. एवढ्या एका बदलाने, आज ‘बसत नाही’ म्हणून बाजूला ठेवलेला एखादा कपडा बसूही शकेल.

‘मागव फोनवरून’ म्हणणाऱ्यांनाही या कामात घ्या. वाद घालायला नको. एकाने आईजवळ बसून मापं घ्यावी, मागवावं, घालून बघायला मदत करावी आणि परतीचं पार्सल बांधावं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. ते करून पाहिलं की तुम्ही काय म्हणत होतात ते त्यांना कळेल, आणि तुमचं ओझंही हलकं होईल.

पत्रात तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, पण मला वाटतं आईबरोबर बाहेर जाणंही या दुकानाबरोबर जातंय. खरेदी हे निमित्त असायचं. तेव्हा कपड्यांची सोय आणि बाहेर पडण्याची सोय, या दोन गोष्टी आता वेगळ्या करा. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील अशी जागा बहुधा सापडणार नाही. बाहेर पडण्यासाठी जिथे लिफ्ट, बसायला पाठीची खुर्ची आणि स्वच्छतागृह आहे अशी जागा शोधा. ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, झाडांची बाग, काहीही चालेल. कपड्यांसाठी एखादं लहान, मालक स्वतः उभा असतो असं दुकान धरा. जाण्याआधी फोन करून आईची अडचण सांगा, गर्दी नसेल अशी वेळ विचारा आणि पहिल्या खेपेला छोटीशी का होईना, एक वस्तू तिथे घ्या. मालकाला गिऱ्हाईक लक्षात राहिलं की पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी माल बाजूला काढून ठेवतो.

जी डिपार्टमेंट स्टोअर अजून उभी आहेत, तिथे गप्प राहू नका. काउंटरवरच्या मुलीवर राग काढून काही होत नाही, रांग तिने लावलेली नाही. मुख्य कार्यालयाला लिहा, तारीख, विभाग आणि काय मिळालं नाही ते नेमकं सांगून : ‘अमुक दिवशी अमुक माप नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी न घेता परत आले.’ न झालेली विक्री त्यांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. ती तुम्हीच दाखवू शकता. आणि एखाद्या विक्रेत्याने नीट मदत केली तर त्याच्या नावानिशी कौतुकही लिहून पाठवा. माणसं कमी करायची वेळ येते तेव्हा त्याच्या बाजूने कागदावर काहीतरी असलेलं बरं.

तुमच्या दुकानातल्या उरलेल्या लोकांशीही या आठवड्यांत दोन शब्द बोला. त्यांची नोकरी जाते आहे आणि दिवसभर ते सवलतीवरून लोकांचे वाद ऐकत असणार.

आईला शेवटचं एकदा तिथे न्यावं का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात असावा. तिलाच विचारा. अर्धवट रिकाम्या फळ्या आणि विकायला काढलेले पुतळे बघणं काहींना नकोसं होतं. ती हो म्हणाली तर लवकर जा, सकाळी जा, मधल्या वारी जा. अशा दुकानांत शेवटी-शेवटी वरचे मजले बंद करून उरलेला माल खाली आणतात आणि लिफ्टही चालू असेलच असं नाही. घरून निघण्याआधी फोन करून तेवढं विचारून घ्या.